दोनशे सतरा नंबरचा बिल्ला

शाळेतून निवृत्त झालो, त्याच्या दुसऱ्या वर्षी अमरावतीतल्या एका संस्थेनं मला बोलावून घेतलं. संस्थेच्या जुन्या इमारतीत त्यांना वस्तुसंग्रहालयाचं नवं दालन काढायचं होतं. अध्यक्ष एका कॉलेजचे माजी प्राचार्य. मला खुर्ची देऊन म्हणाले, "सर, तलवारी आणि ताम्रपट पाहून लोक कंटाळले. आपल्याला साध्या माणसाचा वऱ्हाड दाखवायचा आहे. घराघरातल्या वस्तू जमवायच्या. तुम्ही इतिहास शिकवलात, गावोगावी तुमचे विद्यार्थी आहेत. हे काम तुमचंच."

जन्मभर मी पोरांना इतिहास शिकवला, पण त्यातला बहुतेक दिल्लीचा नाहीतर पुण्याचा. आमच्या भागाचं पुस्तकात नाव यायचं ते कापसापुरतं. त्यामुळे ही कल्पना मला मनापासून आवडली. दुसरंही एक कारण होतं, ते सांगायला लाज वाटते पण सांगतो. निवृत्तीनंतर माझा फोन वाजायचा बंद झाला होता, आणि कोणीतरी मोठ्या टेबलामागून 'तुमचंच काम' म्हणालं होतं.

मी खांद्याला झोळी लावून फिरलो. चांदूर बाजारकडच्या एका गावातून तिफणीचं चाडं मिळालं, पेरताना मूठ सोडतात तो लाकडी वाडगा. एका शाळेच्या माळ्यावर पितळेची घंटा मिळाली. एका म्हातारीनं भाकरी थापायची काठवट दिली आणि विचारलं, "काचेत ठेवसान हिले? मंग माह्या सुनेले नेऊन दाखवा. ती सरपनात टाकून राहिली होती." लोक देत होते. मला वाटलं होतं मागायला जड जाईल, पण वस्तू घरात नकोशाच झाल्या होत्या. त्या कोणाला हव्या आहेत याचंच त्यांना नवल.

मग मला आईचा बिल्ला आठवला.

आई अकोल्यात जिनिंग फॅक्टरीत होती. आम्ही त्याला जीन म्हणायचो. वडील तापानं गेले तेव्हा मी रांगत होतो. आई आम्हा दोघा भावंडांना घेऊन गाव सोडून मामाच्या आसऱ्यानं अकोल्याला आली आणि दिवाळीनंतर जीन सुरू झालं की त्यात जाऊ लागली. टोपलीनं कापूस उचलायचा, रेच्यात म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रात सोडायचा. संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिच्या भुवया पांढऱ्या असायच्या. पापण्यांवर रुईची तूस. मी लहानपणी तिच्या पापण्या फुंकायचो आणि ती डोळे मिटून बसायची. तेवढीच तिची विश्रांती.

फाटकात शिरायला बिल्ला लागायचा. गोल, पितळेचा, वर भोक, मधे ठोकलेला आकडा. दोनशे सतरा. आई तो काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घालायची. पुढं जीन बंद पडलं तेव्हा बिल्ले परत घ्यायलाही कोणी फाटकात नव्हतं, म्हणून तो राहिला. आई गेली तेव्हा तो ताईकडे गेला.

ताई माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. मूर्तिजापूरला असते. मेहुणे रेल्वेच्या छोट्या लाइनीवर गँगमन होते, आता नाहीत. ती लाइनही आता नाही, घरामागचे रूळ गवतात गेलेत. ताई चौथीपर्यंत शिकली. तिला शाळा आवडली नाही असंच मी कायम धरून चाललो होतो. तसं घरात कोणीतरी म्हटलं असेल, आणि मला ते सोयीचं होतं.

बडनेऱ्याहून पॅसेंजरनं गेलो. ताईनं पोहे केले. मी दालनाचं सगळं सांगितलं आणि बिल्ला मागितला. तिनं हातातलं ताट खाली ठेवलं.

"नाही देत," म्हणाली. "मी गेल्यावर नेजो. तवर नको मांगू."

"ताई, डब्यात पडून राहते. तिथं लोक पाह्यतीन."

"लोकाइले कायले दाखवाचं? मायची वस्तू हाय."

पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो. पुन्हा नाही म्हणाली. आता वाटतं, तिथंच थांबायला हवं होतं. पण मी अध्यक्षांना आधीच सांगून बसलो होतो की जिनिंगची एक अस्सल वस्तू आणतो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा जरा चिडूनच म्हणालो, "मायचा बिल्ला हाय, माहाही हक्क हाय त्याच्यावर."

ताईनं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "मायचं बोट कसं गेलं, माहीत हाय तुले?"

"रेच्यात सापडलं. माहीत हाय." उजव्या हाताचं मधलं बोट, पहिल्या पेरापासून. ते आखूड बोट मी रोज पाहत वाढलो होतो.

"अन् मंग?"

"मंग काय? बरं झालं."

"बरं व्हाले महिना लागला. तो महिनाभर जिनात कोन गेलं?"

तिनं उत्तराची वाट पाहिली नाही.

"मी गेली," ताई म्हणाली. "मायनं सकायी माह्या गळ्यात बिल्ला टाकला. तिचं लुगडं दुमडून नेसवलं. म्हने, पोरी, दारवान बिल्ला पाह्यते, तोंड पाहत नाही. मान खाली घालून जाय. एक महिना नाही गेलं तं नंबर दुसऱ्या बाईले देऊन देतीन. अकरा वर्साची होती मी. रेच्यावर नाही पाठवलं, बाकीच्या बायांनी मधात बसवून घेतलं, कवडी निवडाले."

कवडी म्हणजे किडका, पिवळा कापूस. तो बोटांनी वेगळा काढायचा.

"मले काहून नाही सांगतलं कोनी?"

"तू पहिलीत होता. शाळेत बोलून देल्लं असतं. दिवसभर मामाच्या घरी जाते म्हनून सांगतलं तुले." पुढं म्हणाली, "मंग शाळेत परत गेलीच नाही मी. बाईंनी नाव काटून टाकलं होतं."

साठीला आलेला माणूस मी, आणि माझ्याच घरातली एवढी गोष्ट मला माहीत नव्हती. आणि तरीही मी बिल्ला मागायचा सोडला नाही. उलट म्हणालो, "ताई, हेच तं लिहाचं हाय. बिल्ल्याखाली कार्ड लावतीन. त्याच्यावर मायचं नाव लिहितो, अन् तुहं नाव लिहितो. अकरा वर्साच्या पोरीनं हा बिल्ला घालून काम केलं, असं लिहितो."

"माहं नाव?" ती म्हणाली. "काचेत?"

हसली ती. पहिल्यांदाच. आत गेली, बिस्किटाच्या डब्यातून बिल्ला काढला. जुन्या वस्तू घासू नयेत असं मी सांगत होतो, तरी तिनं चिंच लावून तो लख्ख केला. "मायची वस्तू अशी मयकी नाही देत," म्हणाली, आणि बिल्ला रुमालात बांधून माझ्या हातात ठेवला.

कार्डावर मी पाच ओळी लिहिल्या. जन्मात लिहिलेल्या सगळ्या मजकुरात तेवढ्याच खऱ्या असतील. देणगीच्या छापील अर्जावर 'वस्तू कोणाकडून' या रकान्यात ताईचं नाव लिहिलं, खाली मी सही केली आणि कार्ड अध्यक्षांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि चष्मा काढला.

"सर, फार हृद्य आहे. पण एक अडचण आहे. त्याच जिनाच्या मालकांचे नातू आपल्या दालनाला हातभार लावताहेत. उद्घाटनालाही तेच येणार. जुना तराजू, कापसाच्या गठाणींवर मारायचा शिक्का, हजेरीची बुकं, सगळं त्यांनी दिलं. आता त्यांच्यासमोर अकरा वर्षांची मुलगी, तुटलेलं बोट... बरं दिसणार नाही. आईंचं नाव राहू द्या, बहिणींचं भेट म्हणून राहू द्या. बाकीचं पुढं पुस्तिका काढू, तिच्यात सविस्तर घेऊ."

मी म्हणालो, "बरं."

इतकंच म्हणालो. वाद नाही, विनंती नाही. त्यांनी चहा मागवला, मी तो प्यालो. शिक्षकाला प्राचार्यासमोर 'बरं' म्हणायची सवय असते म्हणावं, तर मी निवृत्त होतो आणि ते माझे प्राचार्य कधीच नव्हते.

उद्घाटनाला ताईला बोलावलं. मी बडनेरा स्टेशनवर घ्यायला गेलो. ती नवं लुगडं नेसून आली होती, निळं, सुनेनं घेतलेलं. ऑटोत दोनदा पदर सारखा केला. "तेथी बोला लागते का?" म्हणून विचारलं. मी म्हणालो, "नाही, फक्त पाहाचं."

पुढच्या खुर्च्या पाहुण्यांसाठी होत्या. आम्ही मागं बसलो. मालकांच्या नातवानं फीत कापली. माझ्याच वयाचा सौम्य माणूस, वाकून सगळ्यांना नमस्कार करत होता. त्याच्याबद्दल वाईट बोलायला मला काही सापडत नाही. भाषणं झाली. कष्टकऱ्यांचा इतिहास, मातीचा इतिहास, असे शब्द आले. मग लोक दालनात शिरले.

जिनिंगची पेटी मधोमध होती. मागं पगडी घातलेल्या मूळ मालकांची तसबीर, पुढं तराजू, शिक्का, आणि लाल मखमलीवर आमचा बिल्ला. ताईनं तो दुरूनच ओळखला आणि माझ्या हाताला धरून पुढं आली. कार्डापाशी वाकली. तिला वाचायला वेळ लागतो. ओठ हलवत, अक्षर लावत वाचते. मीही तिच्याबरोबर वाचू लागलो, आणि तिच्या आधी शेवटाला पोचलो.

"जिनिंग... काम...गारांचा... बिल्ला," ताई वाचत होती. "भेट..." आणि पुढं मालकांचं आडनाव. पुढं 'परिवार'.

ती थांबली. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग कार्डाची मागची बाजू असेल तर तिथं काही असेल, अशा नजरेनं पेटीच्या बाजूला जाऊन पाहिलं.

"माय कुठी हाय?" तिनं विचारलं.

"चुकून झालं असन, ताई. मी पाह्यतो. आजच सांगतो."

मी अध्यक्षांना शोधायला लागलो, पण ते पाहुण्यांबरोबर जेवायला गेले होते. ताई तोवर दाराकडे निघाली होती. दाराशी भिंतीत एक काळा दगड बसवला होता, दालनासाठी सहकार्य करणाऱ्यांची नावं कोरलेला. ती त्याच्यापुढं उभी होती. माझं नाव तिला वाचायला वेळ लागला नाही. पाटीवर ते मला गिरवायला तिनंच शिकवलं होतं.

"तुहं हाय इथी," ती म्हणाली.

रागानं नव्हे. नुसतं सांगितल्यासारखं. जेवायला थांबली नाही. बडनेऱ्याला गाडीत चढताना मी पिशवी उचलायला हात पुढं केला, तर ती तिनं स्वतःच घेतली.

दुसऱ्या दिवशी मी संस्थेत गेलो. चूक कशी झाली ते कळायला अवघड नव्हतं. मालकांच्या घरून आलेल्या वस्तू आणि बिल्ला एकाच आठवड्यात नोंदवला गेला. नोंदी करणाऱ्यानं जिनिंगचं सगळं एकाच यादीत घातलं आणि कार्डं यादीवरून छापली. आधीच काटछाट झालेलं माझं कार्ड कुठल्याशा फायलीत राहिलं, आणि तो अर्जही सापडेना. चूक समजण्यासारखी होती. दुरुस्त का होत नव्हती ते समजण्यासारखं नव्हतं.

"कॅटलॉग छापून गेला हो, सर," अध्यक्ष म्हणाले. "आणि त्यांना आता कसं सांगायचं, की ही तुमची भेट नाही? त्यापेक्षा, आई तिथं होत्या याचा काही कागद आहे का? कागद असला म्हणजे मला समितीपुढं ठेवता येईल."

कागद त्यांच्याच कपाटात होता. मालकांच्या घरून आलेली हजेरीची बुकं. मी ती मागून घेतली आणि तिथल्या टेबलावर तीन दिवस बसून चाळली. पुरुषांच्या पानांवर नावं होती. बायांच्या पानांवर नुसते नंबर. नंबरापुढं महिन्याचे चौकोन आणि चौकोनात रेघा. आलेली बाई म्हणजे एक उभी रेघ. दोनशे सतरा सापडला. वर्षानुवर्षं सापडला. ती माझी आई होती हे त्या पानांवर कुठंही नव्हतं.

मग मी दुसरं शोधू लागलो. आईचं बोट गेलं तो महिना. मी पहिलीत होतो म्हणजे साधारण कोणतं साल, ते काढलं. त्या हंगामाचं बुक काढलं. ताई तोच बिल्ला घालून गेली होती हे त्या घाईत डोक्यातच आलं नाही; मला वाटलं, निदान तिथं मोकळे चौकोन असतील. पंधरा-वीस दिवस रेघ नसेल. हात बांधून माझी आई घरी बसली होती, त्याची खूण तरी असेल.

मोकळा चौकोन नव्हता. दोनशे सतराच्या पुढं हंगामभर ओळीनं रेघाच रेघा. एक दिवस खाडा नाही.

त्यातल्या पंचवीस-तीस रेघा माझ्या बहिणीच्या होत्या. कोणत्या ते कोणीच सांगू शकणार नाही. ती गेली म्हणूनच आईचं बोट तुटल्याचं कुठं दिसत नव्हतं, आणि आईचा नंबर होता म्हणून ती गेल्याचं दिसत नव्हतं. मी बुक मिटलं आणि तिथल्या माणसाला परत दिलं. तो म्हणाला, "मिळालं का काही, सर?" मी नाही म्हणालो.

त्या दिवसांत संस्थेवर माझा इतका संताप होता की मी भेटेल त्याला ही गोष्ट सांगत सुटलो. एका जुन्या सहकाऱ्याला सांगितली. आम्ही वीस वर्षं एका स्टाफरूममध्ये बसलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि साधेपणानं विचारलं, "पण सर, तुमच्या आई जिनात होत्या हे तुम्ही कधी बोलला नाहीत?"

नव्हतो बोललो. नोकरीच्या अर्जावर आईच्या व्यवसायापुढं मी 'शेती' लिहिलं होतं. लग्न ठरताना सासऱ्यांनाही तेच सांगितलं आणि आईला सांगून ठेवलं की पाहुणे आले म्हणजे हात पदराखाली ठेव. तिनं ठेवला. अकोल्यात ते जीन पाडून तिथं लग्नाचं लॉन झालं. त्याच सहकाऱ्याच्या पुतणीच्या लग्नाला मी तिथं गेलो होतो. जिथं रेचे होते त्या अंगाला जेवणाचे स्टॉल होते. मी बशी घेऊन उभा होतो आणि 'जागा छान आहे' असं म्हणालो होतो. कार्डावरून आईचं नाव त्यांनी त्या वर्षी गाळलं. मी ते काम फार आधीपासून करत होतो.

हे कळलं म्हणून मी शांत झालो असं नाही. मी अर्ज दिले. बिल्ला परत मागितला, तर दिलेली वस्तू परत देण्याची तरतूद नाही असं उत्तर आलं. दालनाच्या समितीवर मला घेतलं होतं, तिचा राजीनामा दिला, तर महिन्याभरानं कृतज्ञता म्हणून शाल आणि श्रीफळ घरपोच आलं. दगडावरचं माझं नाव काढा म्हणालो, तर दगड पुरा बदलावा लागेल म्हणाले. तिसऱ्या अर्जानंतर कार्डावर बदल झाला. 'भेट' या ओळीवर त्यांनी पांढरी पट्टी चिकटवली. आता कार्डावर नुसतं 'जिनिंग कामगारांचा बिल्ला' एवढंच आहे. दिव्याचा उजेड पडला की पट्टीखालची अक्षरं दिसतात. अध्यक्ष रस्त्यात भेटले, म्हणाले, "सर, तुमचा मान राखला बघा." पुस्तिका निघाली नाही.

ताई अमरावतीला त्यानंतर आली नाही. भाऊबीजेला मी मूर्तिजापूरला जातो. ती ओवाळते, माझ्या बायकोच्या गुडघ्यांची चौकशी करते, नातवांचं विचारते. बिल्ल्याचं नाव काढत नाही. मी एकदा पट्टीचं सांगितलं तेव्हा "बरं केलं त्याइनं" म्हणून आत निघून गेली. भांडली असती तर बरं झालं असतं. तिला भांडायचं नव्हतं, तिनं हिशेबातून मला काढून टाकलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात मी पुन्हा गेलो. ती अंगणात मुगवड्या टाकत होती. मी बाजेवर बसलो आणि म्हणालो, "ताई, त्या महिन्याचं मले पुरं सांग. कोनत्या बाया होत्या, तुले कुठी बसवलं, दारवान काय म्हने. मी लिहून ठेवतो. कोनाले देत नाही. आपल्या घरात राहीन." खिशात वही होती. मी ती काढलीही होती.

ताईनं हात थांबवला नाही. एक ओळ पुरी केली, दुसरी सुरू केली.

"नाही सांगत," म्हणाली.

"काहून?"

"तुले सांगतलं का तू नेते."

मी वही खिशात घातली. तिनं उरलेलं वाटण ताटात निपटून घेतलं, हात धुतले आणि पदराला पुसत विचारलं, "चारची पॅसेंजर हाय ना तुही? मंग निघ. ऊन लागीन."